घरी धुराचे फोटो: क्लिकआधीची तयारी आणि एडिटिंगचा क्रम

घरी धुराचे फोटो काढून बघणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते. काळं कापड लावलं, उदबत्ती लावली, फ्लॅशही मारला, तरी मागचं सगळं राखाडी आलं आणि धूर पुसट. मग एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट ओढून ओढून वाढवला जातो, धुराच्या नाजूक कडा तुटतात, वर रंग चढवला की तो पार्श्वभूमीवरही पसरतो. यातलं जवळजवळ सगळं क्लिक करण्याआधीच ठरलेलं असतं. खोलीतली हवा, कापडाचं अंतर आणि उजेडाची दिशा या तीन गोष्टी जागेवर असतील तर एडिटिंगला कष्ट पडत नाहीत. त्या नसतील तर कुठलंही सॉफ्टवेअर फोटो वाचवत नाही. म्हणून तयारीवर मी जास्त लिहिलं आहे. तो भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

१. खोली आणि वेळ

इंदुरात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री सगळ्यात सोयीच्या. पंखा-कूलर बंद ठेवून बंद खोलीत अर्धा-पाऊण तास आरामात बसता येतं. मे महिन्यात हा खटाटोप करू नये, घरातलं कोणीतरी येऊन पंखा लावणारच. पावसाळ्यात उदबत्त्या सादळतात, मधेच विझतात आणि धूर तुटक येतो. पावसाळ्यातच करायचं असेल तर पुडा हवाबंद डब्यात ठेवा.

खोली शक्यतो घराच्या मधली घ्या, जिला बाहेरची भिंत कमी आणि खिडकी एखादीच. रामबागेकडच्या जुन्या घरांत माजघर असतं, ते यासाठी उत्तम. फ्लॅटमध्ये राहत असाल तर आतली बेडरूम चालेल. थंडीत खिडकीची काच गार पडते, तिच्याजवळची हवा खाली सरकते आणि धूर एका बाजूला ओढला जातो. त्यामुळे मांडणी खिडकीपासून लांब ठेवा. फ्रिजच्या मागून आणि टीव्हीच्या वरून गरम हवा उठत असते, तिथूनही दूर राहा. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून सरकवा.

पंखा बंद केला की हवा लगेच थांबते असं नाही. पाती थांबल्यावरही खोलीतली हवा काही मिनिटं फिरत राहते. दहा मिनिटं जाऊ द्या.

*तपासा:* एक उदबत्ती लावून दोन मीटर लांब उभे राहा आणि फक्त बघा. ठिणगीपासून धूर सरळ, एकसंध दोऱ्यासारखा निघायला हवा. साधारण वीतभर वर गेल्यावर तो थरथरू लागतो, मग वळतो, पापुद्र्यासारखा उलगडतो आणि आणखी वर विस्कटतो. आपल्याला हवा आहे तो मधला टप्पा, थरथर सुरू झाल्यापासून विस्कटेपर्यंतचा. हवा जितकी स्थिर तितका हा पट्टा लांब. ठिणगीला लागूनच धूर विस्कटत असेल तर कुठून तरी झुळूक येते आहे. ती सापडेपर्यंत कॅमेरा काढू नका.

२. धूर कशाचा

साधी मसाला उदबत्ती पुरेशी आहे. सियागंजात किंवा गल्लीतल्या पूजेच्या दुकानात मिळते ती चालते. जाड काडीची, सावकाश जळणारी घ्या. धूप-कांडीचा धूर दाट असतो, पण त्याचे गोळे होतात आणि नाजूक रेषा मिळत नाहीत. कापूर नको, तो ज्योत धरून जळतो आणि काजळी सोडतो. मच्छर-अगरबत्ती तर नकोच. बंद खोलीत तिच्याजवळ तोंड नेऊन बसणं छातीला चांगलं नाही.

उदबत्ती उभी रोवायला स्टीलच्या वाटीत कोरडी वाळू किंवा तांदूळ भरा आणि वाटी मोठ्या स्टीलच्या ताटलीत ठेवा, म्हणजे राख तिच्यात पडेल. दोन उदबत्त्या अगदी जवळ लावल्या तर दोन्ही धूर वर जाऊन एकमेकांत गुंततात. ते सुंदर दिसतं, पण सुरुवात एकीनेच करा.

*सावध:* काळं कापड, पडदा, गादी, सुटे कागद यांतलं काहीही उदबत्तीपासून एक मीटरच्या आत नको. पाण्याचा तांब्या आणि ओला टॉवेल हाताशी ठेवा. स्वयंपाकघरात गॅसजवळ हे करू नका. घरात दम्याचं माणूस, तान्हं मूल किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल तर ती खोली टाळा.

३. काळी पार्श्वभूमी

काळी मखमल (वेल्वेट) घ्या. राजवाड्याजवळच्या एमटी क्लॉथ मार्केटमध्ये मीटरवर मिळते, दोन मीटर बस झाली. साटिन घेऊ नका. दुकानात ते जास्त काळं दिसतं, पण उजेड तिरका पडला की चमकतं. काळा कार्डशीटही तसाच फसवतो.

आता मुख्य मुद्दा. पार्श्वभूमी काळी यायला कापडाच्या रंगापेक्षा अंतर जास्त कामाला येतं. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. फ्लॅश धुरापासून अर्ध्या मीटरवर आणि कापडापासून दोन मीटरवर असेल तर कापडापर्यंतचं अंतर चौपट झालं, म्हणजे तिथे पोचणारा उजेड सोळावा भाग. कॅमेऱ्याच्या हिशेबात हे चार स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तेच कापड धुरामागे हातभर अंतरावर टांगलं तर कितीही काळं असलं तरी राखाडी येणार. बहुतेकांची पार्श्वभूमी इथेच बिघडते. भिंतीला कापड लावून उदबत्ती भिंतीजवळच्या टेबलावर ठेवलेली असते. टेबल पुढे ओढा, खोलीच्या मध्यावर आणा. धूर आणि कापड यांच्यात किमान दीड मीटर हवंच.

४. उजेडाची दिशा

धूर समोरून उजळला तर फिका आणि सपाट दिसतो. धुराचे बारीक कण आपल्यावर पडलेला उजेड बराचसा पुढच्या दिशेने फेकतात. म्हणून दिवा धुराच्या बाजूला आणि थोडा मागे असला, की तोच धूर लख्ख उठतो आणि त्याचे पापुद्रे वेगवेगळे दिसतात. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश म्हणूनच निरुपयोगी. तो समोरून धूर सपाट करतो आणि थेट कापडही उजळतो.

मांडणी अशी करा:

धूर मध्यभागी. कॅमेरा समोर, साधारण एक मीटरवर. फ्लॅश धुराच्या डावीकडे, अर्ध्या मीटरवर, धुराच्या रेषेपेक्षा थोडा मागे, आणि तोंड धुराकडे. अशा वेळी त्याचा झोत कापडाकडे न जाता त्याच्यापासून दूर, उजवीकडे आणि थोडा पुढे जातो.

फ्लॅशला काळ्या कार्डशीटची वीतभर लांब नळी करून लावा, म्हणजे उजेड पसरणार नाही. हॅलोजनसारखा तापणारा दिवा असेल तर कागदाची नळी अजिबात लावू नका. मग फ्लॅश आणि लेन्स यांच्यामध्ये एक काळा पुठ्ठा उभा करा. उजेड थेट लेन्समध्ये शिरला तर सगळ्या फोटोवर पांढुरकी झिलई येते.

आपल्या घरांच्या भिंती पांढऱ्या नाहीतर क्रीम असतात, छत पांढरंच. धुराला ओलांडून गेलेला उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि कापड उजळतो. त्या भिंतीवर गडद चादर किंवा घोंगडी टांगा. तुम्ही स्वतःही गडद शर्ट घाला, पांढरा शर्ट चांगला रिफ्लेक्टर असतो.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा चालवायला रेडिओ ट्रिगर किंवा सिंक केबल लागते. ते नसेल तर बॅटरीवर चालणारी चांगली एलईडी टॉर्च घ्या. भिंतीच्या प्लगवर चालणारे स्वस्त एलईडी बल्ब टाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरला फोटोत पट्टे येतात. टॉर्चही पूर्ण तेजावर ठेवा. कमी तेजावर बऱ्याच टॉर्च अशाच लुकलुकतात.

*तपासा:* पुढच्या पाचव्या भागातली सेटिंग लावून, उदबत्ती न लावता, सगळे दिवे घालवून, फक्त फ्लॅशवर एक फोटो काढा. तो पूर्ण काळा यायला हवा. हिस्टोग्रामचा (कॅमेरा दाखवतो त्या काळ्या ते पांढऱ्या छटांच्या आलेखाचा) ढीग डाव्या काठाला चिकटलेला दिसला पाहिजे. मधे कुठे उंचवटा असेल तर उजेड कुठून तरी गळतो आहे. पुठ्ठा हलवा, नळी लांब करा, कापड मागे न्या. हा फोटो काळा आल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

५. कॅमेऱ्याची सेटिंग

मोड मॅन्युअल. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १०० किंवा २००. अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप) एफ/८ ते एफ/११, कारण धूर पुढे-मागे सरकतो आणि तेवढं पुढचं-मागचं अंतर फोकसमध्ये राहायला हवं. शटर १/१६० किंवा १/२०० सेकंद. त्याहून वेगवान नको. बहुतेक कॅमेऱ्यांत सिंकची (फ्लॅश आणि शटर जुळण्याची) मर्यादा याच आसपास असते आणि ती ओलांडली की फोटोचा एक भाग काळा येतो. फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून सुरू करा. धूर फिका आला तर १/८ करा.

फ्लॅश कमी ताकदीवर ठेवण्याचं कारण फक्त उजेड कमी करणं नाही. साध्या स्पीडलाइटमध्ये (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशमध्ये) ताकद कमी केली की चमकण्याचा वेळही कमी होतो. बाकी खोली अंधारी असल्यामुळे धूर गोठवतो तो फ्लॅश, शटर नव्हे. म्हणून धूर हललेला येत असेल तर ताकद आणखी कमी करा आणि फ्लॅश जवळ आणा.

टॉर्चवर काम करत असाल तर धूर शटरलाच गोठवावा लागतो. धूर सेकंदाला ३० सेंटिमीटर चढतो असं धरलं तर १/६० सेकंदात तो अर्धा सेंटिमीटर सरकतो, आणि रेषा पुसली जायला तेवढं पुरतं. १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा, अॅपर्चर एफ/४ किंवा एफ/५.६ आणि आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत जाऊ द्या. दाणे येतील, पण हललेल्या धुरापेक्षा ते परवडतात.

फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात) घ्या. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स असेल तर ५५ मिलिमीटरवर. रुंद कोनात कापडाच्या बाजूची भिंत फ्रेममध्ये शिरते.

मोबाइलवर प्रो मोड वापरा, दोन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती घ्या, आणि मोबाइल ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा. ऑटो आणि नाइट मोड नको. ते काळा भाग उजळवू बघतात, आणि नाइट मोड अनेक फोटो एकत्र करतो, त्यात धुराच्या रेषा पुसल्या जातात.

६. फोकस

अंधारात हलणाऱ्या धुरावर ऑटोफोकस धरत नाही, लेन्स नुसती मागेपुढे फिरत बसते. उदबत्तीच्या बरोबर वर, धूर जिथे उलगडणार तिथे, फोकससाठी एखादी वस्तू धरा. केस विंचरायचा कंगवा चांगला, त्याचे दात फोकसला पटकन सापडतात. दिवा लावून त्यावर फोकस करा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका आणि फोकसच्या रिंगला चिकटपट्टीचा तुकडा लावा. मोबाइलवर कंगव्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा.

फ्रेम उभी ठेवा. उदबत्तीचं टोक आणि ठिणगी फ्रेमच्या खाली, चार-पाच सेंटिमीटर बाहेर राहू द्या. ठिणगी आत आली की नजर तिथेच जाते, आणि नंतर ती पुसायला गेलं तर धुराची मुळं कापली जातात.

७. फोटो काढताना

उदबत्ती लावा, ज्योत विझवा आणि मागे सरका. तुमचा श्वास आणि हालचाल धुराला लगेच कळते. केबल रिलीज किंवा दोन सेकंदांचा टायमर असेल तर वापरा. पहिला मिनिटभर नुसतं बघा, धूर कोणत्या लयीत वळतो ते कळू लागतं.

सरळ दोरा कंटाळवाणा वाटला तर हवा मुद्दाम हलवा, पण अगदी थोडी. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा हातभर लांबून एकदाच हळू हलवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. लगेच क्लिक केलं तर नुसता विस्कटलेला धूर मिळतो. हवा परत शांत होत असताना धूर मोठ्या सावकाश घड्या घालतो, आणि चांगले आकार त्याच वेळी येतात. दुसरा प्रयोग चमच्याचा. पालथा चमचा धुराच्या दोऱ्यावर, फ्रेमच्या जरा खाली धरा. धूर चमच्याच्या पोटाला लागून पसरतो आणि दोन्ही काठांवरून दोन पातळ पडद्यांसारखा वर येतो. फुंकर मात्र मारू नका.

बरेच फोटो टाकून द्यावे लागतात, त्याला इलाज नाही. दर थोड्या वेळाने स्क्रीनवर फोटो मोठा करून फोकस आणि हिस्टोग्राम बघा. धुराचा सगळ्यात उजळ भाग उजव्या काठाला टेकला असेल तर ताकद कमी करा. तिथला तपशील नंतर परत येत नाही.

*सावध:* बंद खोलीत धूर साचतो. टॉर्चच्या झोतात हवाच दुधाळ दिसू लागली की थांबा. त्यानंतरच्या फोटोत पार्श्वभूमी राखाडीच येणार. उदबत्ती वाळूत खुपसून विझवा, दार-खिडकी उघडा, पंखा लावा, बाहेर जाऊन चहा प्या. परत आल्यावर पंखा बंद करून पुन्हा दहा मिनिटं थांबा. ही विश्रांती फोटोइतकीच तुमच्या फुप्फुसांसाठीही आहे. काम संपल्यावर लेन्सची पुढची काच पुसा, तिच्यावर धुराचा चिकट थर बसतो.

८. एडिटिंग: क्रम मोडू नका

अनेकजण आधी रंग चढवतात, मग फोटो उलटा करतात (म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं), मग डाग पुसायला बसतात. हा क्रम नेमका उलटा आहे. पुढचा क्रम फोटोशॉप, मोफत मिळणारं गिंप किंवा तसल्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चालतो.

पहिलं, काळा बिंदू. रॉ फाइल उघडून ब्लॅक्स खाली घ्या, पण फक्त पार्श्वभूमी शून्यावर येईपर्यंत (० म्हणजे शुद्ध काळं, २५५ म्हणजे शुद्ध पांढरं). आयड्रॉपर (जिथे ठेवाल तिथल्या छटेचे आकडे दाखवणारं टूल) चारही कोपऱ्यांत नेऊन आकडे बघा. पातळ धूर काळ्यात विरतो तिथे नजर ठेवा. ती कड टोकदार होऊ लागली की तुम्ही पुढे गेलात, थोडं मागे या. फाइल १६ बिटमध्ये उघडा. ८ बिटमध्ये धुराच्या हळुवार छटा पायऱ्या-पायऱ्यांसारख्या तुटतात. गिंपमध्ये २.१० पासून ही सोय आहे.

दुसरं, डाग. धुळीचे आणि राखेचे ठिपके काळ्यावर दिसत नाहीत, पण फोटो उलटा केला की पांढऱ्यावर काळे उठतात. म्हणून वर एक कर्व्हज लेयर (छटा उजळ-गडद करणारा थर) ठेवून तात्पुरता उजेड खूप वाढवा, दिसतील ते ठिपके हीलिंग टूलने पुसा, मग तो लेयर काढून टाका.

तिसरं, कृष्णधवल. उदबत्तीचा ताजा धूर निळसर दिसतो, कारण त्याचे कण फार बारीक असतात आणि निळा उजेड जास्त विखुरतात. ही निळाई तशीच ठेवून फोटो उलटा केला तर धूर पिवळट-तपकिरी होतो, आणि वर चढवलेला प्रत्येक रंग मळका दिसतो. आधी रंग पूर्ण काढा. निळाच धूर काळ्यावर ठेवायचा असेल तर ही पायरी सोडा, तो मुळातच देखणा असतो.

चौथं, जोडकाम. दोन धूर एकत्र आणायचे असतील तर कापू नका. धुराची कड कुठल्याही सिलेक्शनला नीट धरता येत नाही. एक फोटो दुसऱ्यावर लेयर म्हणून टाका आणि ब्लेंड मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो ती सेटिंग) स्क्रीन करा. काळं आपोआप नाहीसं होतं आणि फक्त धूर उरतो. चहाच्या कपावर वाफ दाखवायलाही हीच युक्ती, फक्त कपाचा फोटो गडद पार्श्वभूमीचा हवा. आरशासारखी जोडी करायची तर लेयरची नक्कल काढा, आडवी पलटवा आणि लाइटन मोडवर सरकवत राहा. मधल्या रेषेवर चेहरे, पंख, फुलदाण्या उमटू लागतात. फोटो १८० अंशांत फिरवूनही बघा. उलटा धूर पाण्यात सोडलेल्या शाईसारखा दिसतो.

इथे हात आवरता ठेवावा असं माझं मत आहे. चार-चार धूर गुंतवून केलेल्या चित्रापेक्षा एका धुराची एक स्वच्छ घडी जास्त वेळ बघत राहावीशी वाटते. लिक्विफाय टूलने ओढून केलेले आकारही लगेच ओळखू येतात, कारण खऱ्या धुरात रेषा जवळ येताना दाट होतात आणि ओढलेल्या धुरात तसं होत नाही.

पाचवं, उलटं करणं. पांढऱ्यावर गडद धूर हवा असेल तर आता इन्व्हर्ट करा. आयड्रॉपरने पार्श्वभूमी २५५ येते का ते बघा. २४८ किंवा २५० असेल तर पडद्यावर कळणार नाही, पण प्रिंटमध्ये फोटोभोवती मळकट चौकट दिसेल. पांढऱ्यावरचे धूर एकत्र करायचे तर स्क्रीन नाही, मल्टिप्लाय वापरा.

सहावं, रंग. रंग सगळ्यात शेवटी. वर रिकामा लेयर घ्या, ब्लेंड मोड कलर ठेवा आणि मोठ्या मऊ ब्रशने दोन, फार तर तीन रंग भरा. या मोडमध्ये शुद्ध काळ्यावर आणि शुद्ध पांढऱ्यावर रंग चढत नाही. पहिल्या आणि पाचव्या पायरीत आकडे बघायला लावले ते यासाठीच. पार्श्वभूमी शुद्ध असेल तर ब्रश बाहेर गेला तरी बिघडत नाही. दुसरा मार्ग ग्रेडियंट मॅपचा, म्हणजे फोटोतल्या गडद ते उजळ छटांना क्रमाने रंग लावण्याचा. काळ्या पार्श्वभूमीला काळ्यापासून रंगाकडे आणि मग पांढऱ्याकडे जाणारा ग्रेडियंट द्या. पांढऱ्या पार्श्वभूमीला गडद रंगापासून सुरू होऊन शुद्ध पांढऱ्यावर संपणारा द्या.

मोबाइलवर स्नॅपसीड असेल तर कर्व्हजमध्ये डावं टोक वर आणि उजवं टोक खाली ओढलं की फोटो उलटा होतो, आणि डबल एक्स्पोजरमधल्या लाइटनने दोन धूर जोडता येतात. बारीक रंगकाम मात्र कॉम्प्युटरवरच करावं.

९. जपून ठेवणं आणि प्रिंट

लेयर्स असलेली मूळ फाइल १६ बिटमध्ये वेगळी ठेवा. मोबाइलवर पाठवायला एसआरजीबीमध्ये (पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ८ बिट जेपीईजी काढा, क्वालिटी ९० च्या वर. छटांमध्ये पट्टे दिसले तर अगदी थोडा नॉइज (दाणे) घाला, पट्टे मोडतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रिंटसाठी काळ्या पार्श्वभूमीच्या फोटोला मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर बोटांचे ठसे आणि खोलीतले दिवे दिसत राहतात. मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर एक छोटी काढून बघा. काळ्यातल्या पातळ छटा पडद्यावर दिसतात तितक्या कागदावर उतरत नाहीत. तसं झालं तर कर्व्हजमध्ये खालचा भाग किंचित उचला, पार्श्वभूमीचा शून्य तसाच ठेवा, आणि मगच मोठी प्रिंट द्या.